पाळकसाहेबांचं ताट

आमच्या बेटावरच्या गावात पाळकसाहेबांच्या, म्हणजे ख्रिस्ती देवळाच्या धर्मगुरूंच्या, ताटावर सगळ्यांचाच डोळा असतो, पण सगळ्यात जवळचा डोळा माझा. रविवारच्या जेवणात त्यांच्यासमोर बसून पंख्याने माश्या हाकलायचं काम माझ्याकडे आहे. देवळातली प्रार्थना सुटली की आधी पाळकसाहेब आणि घराण्यांचे प्रमुख जेवतात, उरलेलं आम्ही बाया आणि मुलं. प्रत्येक घर आपापलं ताट आणतं. कुणाचा मासा काट्यापर्यंत संपला आणि कुणाचा तारो, म्हणजे अळूचा उकडलेला कंद, जसाच्या तसा परत आला, ते पंखा हलवता हलवता मला दिसतं. आणि मला दिसलं की अंधार पडेपर्यंत गावाला ठाऊक होतं. तारो परत येणं म्हणजे त्या घराची मान खाली.

इओसुआ पाळकसाहेबांना यंदा साखरेचा आजार निघाला. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा आपिया शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "तारो, नीरफणस, केळी, भात, पाव, सगळं बंद. मासे खा, कोंबडी खा, पाला खा. ऑक्टोबरात पुन्हा बघते. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल."

पाळकीणबाई लुपे स्वभावाने सरळ. तिने महिला मंडळात उभं राहून सांगून टाकलं, "साहेबांना तारो चालत नाही. कृपा करून आणू नका."

पुढच्या रविवारी एकाही ताटात तारो नव्हता. नीरफणस होता, उकडलेली केळी होती, शेवया होत्या आणि सेपेलाच्या ताटात भाताचा डोंगर होता.

"अगं, हेही नको होतं," लुपे हळूच म्हणाली.

"मग साहेबांनी खायचं काय?" सेपेला म्हणाली. "आजारी माणसाला ताकद नको? माझ्या नवऱ्याला ताप आला तेव्हा मी दुप्पट वाढलं होतं."

"तो गेला ना त्या तापात?" मी विचारलं.

"भरल्या पोटी गेला," सेपेला म्हणाली.

त्यानंतर लुपेने सांगणं सोडलं. तारोही परत आला, आधीपेक्षा मोठा. आपलाच तारो साहेबांना आवडला नाही म्हणून हे पथ्य निघालं, अशी प्रत्येक घराला शंका होती.

पाळकसाहेबांनी मग स्वतःच वाट काढली. आमच्या जेवणघराला भिंती नाहीत, नुसते खांब. मुलं बाहेर कट्ट्यापाशी आपली पाळी येईपर्यंत बसलेली असतात. साहेब एकेका ताटातला तारो उचलायचे, डोळे मिटून वास घ्यायचे, "वा, काय शिजलाय," म्हणायचे आणि मागे हात करून एखाद्या पोराच्या हातात ठेवायचे. ताट रिकामं, घर खूश, पोर खूश. स्वतः मासा आणि नारळाच्या दुधातला पाला खाऊन उठायचे. गाव म्हणायचं, असा मायाळू पाळक पाहिला नाही. मी सगळं बघत होते, पण पहिल्यांदाच एक गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली नाही. जखमेच्या कडा सुकायला लागल्या होत्या.

मग ऑक्टोबरातला पांढरा रविवार आला. तो दिवस मुलांचा. पांढरे कपडे घालून मुलं देवळात वचनं म्हणतात आणि जेवणात सगळं उलटं होतं: मुलं आधी जेवतात, मोठे वाढतात. पाळकसाहेब सकाळपासून हसत होते. आज समोर ताट नाही, ताटावर डोळे नाहीत. उरेल त्यातला मासा खायचा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जायचं. माझ्या हातातला पंखाही त्यांनीच काढून घेतला. "मालिया, आज माश्या मी हाकलतो. तू नुसती बस आणि लोकांची ताटं मोज."

मुलं जेवायला बसली. तेवढ्यात सेपेलाची नात इलिसापेटा उभी राहिली. देवळात वचन म्हणताना अडखळलेली पोर इथे मात्र खणखणीत बोलली, "साहेबांनी इतके महिने स्वतःच्या तोंडचा तारो आम्हाला दिला. स्वतः कधी पोटभर जेवले नाहीत. आज आमचा वाटा साहेबांना."

तिने साहेबांसमोर केळीचं पान मांडलं. एकेक मूल उठलं. प्रत्येकाने आपल्या ताटातला तारोचा सगळ्यात मोठा तुकडा आणून त्या पानावर ठेवला. ढीग वाढत गेला. घराण्यांचे प्रमुख डोळे पुसत होते. सेपेला हुंदके देत होती आणि मधूनच आपली नात आहे हे शेजारणीला सांगत होती.

साहेबांच्या हातातला पंखा थांबला. त्यांनी मागे पाहिलं. मागे हात करून तारो द्यावा असं कुणीच नव्हतं, कारण सगळी मुलं समोर होती. त्यांनी लुपेकडे पाहिलं. लुपे त्यांच्या पायाकडे पाहत होती.

"एक एक घास घेतो हं, बाळांनो," ते म्हणाले.

"पूर्ण खायचा, साहेब," इलिसापेटा म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, अन्न टाकू नये."

साहेबांनी खाल्लं. मन लावून खाल्लं, कारण गेले कित्येक महिने ते नुसत्या वासावर होते. तेही मला दिसलं.

सोमवारी साखर भडकलेली पाहून डॉक्टरीणबाईंनी त्यांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. त्याच आठवड्यात अंगठा गेला. आता पाऊल वाचवायचंय, असं बाईंनी लुपेला सांगितलं.

दवाखान्यात जेवण घरून न्यावं लागतं. गावाने पाळ्या लावल्या आणि पहिली पाळी माझी आली. मी टोपलीत भाजलेला मासा आणि पाला, एवढंच भरलं. बस यायची होती तोवर सेपेलाने झाकण उचललं.

"एवढंच? तुझ्या मळ्याला कीड लागली का गं, मालिया? अंगठा गेलेल्या माणसाला पाला?"

थांब्यावरच्या सगळ्या माना वळल्या. मला सगळं माहीत होतं, तरी मी घरी गेले आणि एक चांगला मोठा तारो आणून टोपलीत सगळ्यात वर ठेवला. मग माना सरळ झाल्या.

साहेब खाटेवर बसले होते, पाय पट्टीत, शेजारी लुपे. टोपली उघडताच त्यांची नजर तारोवर गेली आणि तिथेच राहिली.

"तुझ्या घरचा?"

"हो, साहेब."

"मग नाही कसं म्हणू?" ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

प्रार्थनेत मी एक डोळा उघडा ठेवते, जुनी सवय आहे. लुपेचे दोन्ही उघडे होते. तिने टोपलीतून तारो उचलला, मांडीवर घेतला आणि खायला लागली. भूक नव्हती तिला. घास नुसते ढकलत होती. साहेब गावातल्या एकेका घरासाठी आशीर्वाद मागत होते. तिने माझ्याकडे पाहिलं.

उद्या सेपेलाची पाळी होती, परवा आणखी कुणाची.

मी हात पुढे केला. लुपेने अर्धा तारो मोडून माझ्या हातात ठेवला, आणि साहेबांचं आमेन येईपर्यंत आम्ही दोघी भराभरा चावत राहिलो.