मागून पुरवलेला शब्द

"मले काही झालं नाही, काका," क्षमा म्हणाली खरी, पण तिचे डोळे भलतीकडेच लागले होते.

नव्या रायपुरातल्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना संपत आला होता. समोरच्या गोल बाजार संघाच्या तिघी अंगावर कोसळल्या आणि क्षमा डोक्यावर आपटली. तुळशीरामांच्या संघात भरवशाची चढाई करणारी ती एकटीच. मंत्रालयातली कारकुनी सांभाळून त्यांनी हा संघ उभा केला होता. पोरी पहिल्यांदाच इथवर पोचल्या होत्या, आणि आता एका गुणाने मागे होत्या.

ती भानावर आहे का ते तपासायला पंच धर्मपाल तिच्यापुढे उकिडवे बसले. "बेटा, याच्या आधीची मॅच कोणासंग खेळली?"

क्षमा आठवू लागली. तिची नजर पंचांच्या खांद्यावरून मागे उभ्या तुळशीरामांवर येऊन थांबली.

तुळशीराम दर एकादशीला कीर्तनात टाळ धरत. गाता गाता बुवा अडले, की मागून अलगद पुढचा शब्द द्यायचा, ही त्यांची आवडती सेवा. ती सवय अंगवळणीच पडली होती. ओठ आपसूक हलले आणि आधीच्या सामन्यातल्या संघाच्या वस्तीचं नाव पुरवून गेले : 'उरला'.

"उरलावाल्यांसंग," क्षमा म्हणाली.

"हव. पण डोकं दुखत असंल तर बस."

"काहून बसवता? वाघीण आहे ते!" तुळशीराम हसून म्हणाले.

क्षमा चढाईला गेली. एकीला शिवलीसुद्धा. आता फक्त माघारी वळायचं होतं. पण ती उलट पुढेच चालत राहिली, कोणी तरी बोलावल्यासारखी. तोंडातला दम तुटला, गुडघे मुडपले.

मैत्रिणी तिला बखोट्याला धरून उचलायला धावल्या. धर्मपाल ओरडले, "हात नोका लावू! मानेले मार असंल तर? तुळशीरामजी, डोकं दोन्ही हातांत धरा. अँबुलन्स येईपर्यंत हलू द्यायचं नाही."

तुळशीराम तिच्या उशाशी गुडघे टेकून बसले.

"काका, आपण जिंकलो?"

"नाही, माय. पडून राह्य."

जरा वेळाने पुन्हा, तितक्याच उत्साहाने, "काका, आपण जिंकलो?"

धर्मपाल बुचकळ्यात पडले. "आत्ता तर बरोबर सांगितलं पोरीनं!"

"मी सांगितलं," तुळशीराम खाली बघत म्हणाले. "तुमच्या मागून."

धर्मपाल म्हणाले, "डॉक्टरले हेच सांगा. आता डोकं सरळ धरा."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत क्षमाची आई, राधिका, आली. लेकीचं डोकं सांभाळून बसलेले तुळशीराम तिला दिसले आणि ती त्यांच्या मागे जमिनीवरच बसली. "भाऊ, देवासारखे धावले तुम्ही," म्हणत तिने त्यांच्या पावलांवर कपाळ टेकलं.

पाय ओढून घ्यावेत, असं त्यांना जिवाच्या आकांताने वाटलं. पण पाय हलले असते तर हात हलले असते. राधिकेचे ऊन आसू तळपायांवर ओघळत राहिले. तुळशीरामांनी पाय तसेच राहू दिले.