अबोल्यातला ब्रेक

रंगनाथनं जीपचा ब्रेक दाबला, तर लोण्यात बोट जावं तसं पेडल खाली गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा लोणी.

डोकं तापलं त्याचं. उद्या कोल्हारच्या सप्त्याचं काल्याचं कीर्तन. बुवा राहायला चंदनापुरी घाटापलीकडं, पायानं अधू, एसटीत चढवत नाही त्यांना. "दिवस मावळायच्या आत बुवांना आणतो," असं रंगनाथनं भर मंडपात सांगितलेलं. ज्यांच्या मुखातून हरिकथा ऐकायची, ती माणसं असल्या जीपमधून घाट उतरणार होती.

मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं रबर फाटून तेल गळून गेलं होतं. रबर त्यानं सकाळीच बदललं, नवं तेलही ओतलं. पण नळीत हवा शिरलेली. ती काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं निपल, म्हणजे पोकळ स्क्रू, सैल करून हवा सोडायची नि लगेच आवळायचं.

बायामाणसं झाडून देवळात, बुंदी पाडायला. मळ्यात दुसरा माणूस एकच, ओट्यावर सुपारी कातरणारा धाकटा भाऊ कारभारी. आणि त्याच्याशी गेल्या सप्त्यापासून अबोला. "आमच्या आण्णाचा टाळ पखवाजाच्या पुढं पळतो, तहानलेल्या म्हसरावानी," असं तो रंगनाथबद्दल चारचौघांत बोलला होता. आता अबोल्याचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. आधी बोलला तो हरला. बोलायचंच झालं तर भिंतीशी बोलावं, नाहीतर दावणीच्या म्हशीशी.

"चंद्रे," रंगनाथ म्हशीला म्हणाला, "जीप रोज फिरवनाऱ्याला तेल कमी झाल्यालं दिसत न्हाई का गं?"

"दिसलं हुतं," ओट्यावरून कारभारी म्हशीलाच म्हणाला. "परवाच सांगितलं हुतं मी तुला. मालक गोठ्यातच शेन भरत हुता. त्याला ऐकू आलं न्हाई, त्याला मी काय करू?"

म्हणजे याला परवापासून ठाऊक होतं. बुवांचा जीव जातो की राहतो, आणि हा म्हशीला निरोप देऊन मोकळा! हातातला पाना फेकून मारावा असं रंगनाथला वाटलं. मारला नाही, कारण दुसरा पाना नव्हता.

त्यानं बाभळीचा दांडका घेतला. पेडल दाबायचं, सीटला टेकवून दांडका अडकवायचा, उतरायचं, चाकाखाली सरपटायचं, निपल सोडायचं. तेलाचा बुडबुडा फस्सकन बाहेर. पेडल खाली गेलं की दांडका निसटून खणकन पडायचा, पेडल वर यायचं, आणि निपल आवळायच्या आत तेवढीच हवा परत आत.

"चंद्रे, आधी आवळावं, मग दांडका पडावा," कारभारी म्हणाला. "इथं बी घाई. टाळावानी."

रंगनाथनं ओट्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दांडक्याला सुतळी बांधून तो सीटला करकचून आवळला. कोपरं सोलली, तेलानं सदरा भरला, तोंडातून भावाच्या नावानं काय काय निघालं ते इथं लिहायचं नाही, सप्त्याचे दिवस आहेत. चारी चाकं उरकली तेव्हा पेडल दगडासारखं झालं होतं.

तो आत बसला. किल्ली फिरवायला हात गेला, तो तिथंच थांबला. दांडका दाब धरतो, पण घाटात भ्यालेल्या माणसाचा पाय दाबतो तेवढा नाही. तेवढ्या जोरानं दाबून चाकाखाली बघणारा माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असेल? हरिकथेच्या गादीवर उद्या कोण उभं राहणार, हे डोळ्यासमोर आलं. टाळाचा अपमान बुवांच्या जिवापेक्षा मोठा का?

तो खाली उतरला. चाकाजवळ पालथा झाला. दात-ओठ खात म्हणाला, "कारभारी. ये, दाब."

सुपारीचा आवाज थांबला. कारभारी आला, आत बसला आणि सगळं अंग पायावर टाकून दाबलं. उजव्या मागच्या निपलाच्या बुडातून तेलाची बारीक धार उडाली, थेट रंगनाथच्या गालावर.

आवळायचं राहिलं होतं. रंगनाथकडूनच राहून गेलं होतं, रागाच्या भरात.

त्यानं निपल आवळलं. "पुन्हा दाब." धार नाही. "पुन्हा." कोरडं.

"आता उतर," रंगनाथ म्हणाला. "तुझं तोंड बघवत न्हाई मला."

"मलाबी तुजं बघवत न्हाई, आण्णा," कारभारी शेजारच्या सीटवर सरकत म्हणाला. "म्हनून म्होरं बघनार हाय. बुवांना घ्यायच्या आधी घाटात मी बसून बघतो तुजा बिरेक."

रंगनाथनं जीप सुरू केली. संगमनेर येईस्तोवर दोघं भांडत होते.