साधारण चालक, वजन चौऱ्याऐंशी

दाजी खरं म्हणजे एकाच माणसाचे दाजी. पण तो माणूस मासिकाचा संपादक असल्यामुळे सगळं कार्यालयच त्यांना दाजी म्हणायचं. फोटोग्राफर दाजी म्हणायचा, मेकॅनिक दाजी म्हणायचा, आणि वाचकसुद्धा पत्रातून विचारायचे, की यंदा दाजी कुठे पडले?

मेव्हण्याचं हे मासिक मोटरसायकलींचं. वर्षातून एकदा, जाड अंकात, जंगलात चालवायच्या तीन गाड्या समोरासमोर उभ्या करून त्यांची तुलना छापली जायची. अडीचशे ते साडेतीनशे सीसीच्या, फोर-स्ट्रोक. त्याहून मोठी गाडी झाडांमध्ये कामाची नाही, कारण दोन खोडांमधली वाट हँडलपेक्षा चार बोटं जास्त असली तरी नशीब म्हणायचं, आणि तिथे ताकद दाखवायला गेलेला माणूस झाडालाच जाऊन भेटतो. हा अंक हातोहात खपायचा.

तुलनेला चालक दोन. एक चॅम्पियन. त्याने शर्यती जिंकल्या होत्या, अंगाने काटकुळा, बासष्ट किलोचा. मुख्य लेख त्याच्या नावाने. दुसरे दाजी. त्यांची पानाच्या तळाशी एक चौकट असायची, 'साधारण चालकाच्या नजरेतून'. चौकटीत बारीक अक्षरांत त्यांचं वय, उंची नि वजन छापलेलं असायचं आणि वर एक फोटो. फोटोत दाजी पडलेले असायचे. वाटेत एक मोठा ओंडका आडवा होता. चॅम्पियन त्याच्यावरून असा जायचा की ओंडक्याला कळूही नये. दाजींचं पुढचं चाक वर चढायचं, मागचं आपटायचं, आणि मग गाडी एकीकडे, दाजी दुसरीकडे. अकरा वर्षांत असे अकरा फोटो झाले होते.

घरी कुणाचा वाढदिवस असला की ती सगळी कात्रणं निघायची. बायकोने ती फाइलमध्ये नीट लावून ठेवली होती. सगळे हसायचे, पण साडूचं हसणं सगळ्यांच्या वरताण. तो एकेका फोटोवर बोट ठेवून विचारायचा, "इथे काय शोधत होतात साडूभाऊ, मशरूम?" दाजीही हसायचे. न हसून सांगता कुणाला? आपण पडतो हे तर खरंच होतं.

पोटापाण्याला दाजी चष्म्याच्या दुकानात होते. दिवसभर माणसांच्या नाकावर लोखंडी चौकट चढवायची, एक काच काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, हे बरं की आधीचं? पंचवीस वर्षं हेच काम केल्यामुळे तुलना करणं त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. त्यांची चौकट लोक आवडीने वाचत ते काही फक्त पडण्यासाठी नाही, असं त्यांना वाटायचं. 'हिरव्या गाडीची सीट खाली आहे, पाय टेकतात, आणि घाबरलेल्या माणसाला पाय टेकणं यापरतं सुख नाही.' 'लाल गाडी हलकी, पण उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिन असं मागे ओढतं की आपण नाकावर येतो.' अशी वाक्यं ते चार-चार दिवस घासूनपुसून लिहीत.

गेल्या वर्षी चॅम्पियनने सांगितलं, की अजून एक अंक करतो आणि थांबतो. तेव्हा मेव्हणा सहज म्हणून गेला, की मुख्य लेख कुणीतरी लिहायलाच हवा, बघू पुढे, काय दाजी? बोलणारा बोलून गेला. दाजींनी मात्र तो शब्द पदराला गाठ मारावी तसा जपला. एकदा, फक्त एकदा, पूर्ण चार पानं आपल्या नावाने, आणि फोटोत आपण गाडीवर बसलेले. शेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने यापेक्षा कमी काय मागावं?

त्यांनी एक जुनी अडीचशेची गाडी घेतली नि दर रविवारी सकाळी तेच जंगल गाठायला सुरुवात केली. पहिले दोन महिने पडण्यातच गेले. मग गाडीचा क्लच घसरायला लागला म्हणून ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथे मेकॅनिक एक बाई होती. हात कोपरापर्यंत काळे, बोलणं तुटक. तिने क्लचकडे बघितलंही नाही. आधी विचारलं, "वजन किती तुमचं?"

दाजी ओशाळले. चौऱ्याऐंशी, म्हणाले.

तिने टेप काढला. मडगार्डपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत मोजलं, मग दाजींना वर बसवून परत मोजलं. दहा सेंटीमीटर खाली बसायला हवी, ही चौदा बसतेय, असं ती म्हणाली. ही कुणा बारक्या माणसासाठी लावलेली आहे. तुम्ही बसलात की मागून खचते, पुढचं चाक हलकं होतं, वळत नाही, आणि काही आडवं आलं की मागून लाथ मारते. मग तिने शॉकॲब्सॉर्बरवरचा मोठा नट चार-पाच आटे आवळला आणि वर म्हणाली, की खरं तर स्प्रिंगच बदलायला हवी, पण तोवर चालेल.

पुढच्या रविवारी दाजी ओंडक्यावरून गेले. गेले म्हणजे काय, गेलेच. पलीकडे जाऊन त्यांनी गाडी थांबवली, मागे वळून बघितलं आणि जंगलात एकटेच हसत बसले. अकरा वर्षं त्यांचं वजन अंकात छापलं जात होतं. गाडीला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

तरी त्यांच्या मनात कुणाबद्दल वाकडं आलं नाही. मासिकाच्या मेकॅनिकच्या नजरेतून राहून गेलं असेल, त्याला गाड्या तीन नि वेळ कमी, असंच त्यांना वाटलं. उरलेलं वर्ष त्यांनी घाम गाळला.

तुलनेच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी जंगलाशी पोचले. मेकॅनिक टेंपोतून गाड्या उतरवत होता. लाल अडीचशे, हिरवी अडीचशे, पांढरी साडेतीनशे. दाजींनी खिशातून टेप काढला आणि अगदी गोडीत सांगितलं, की चॅम्पियनचं झालं की मागचा नट तेवढा माझ्यासाठी आवळून द्या, तुमच्याकडून राहून जातं बहुतेक. मेकॅनिकने टेपकडे बघितलं, मग दाजींकडे. बराच वेळ हात पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "देतो. साहेबांना मात्र मी दिलं म्हणून सांगू नका."

दाजींना ते विनयाचं बोलणं वाटलं. भोळा माणूस असाच असतो, उघड्या डोळ्यांनी पुढ्यातलं वाचत नाही.

त्या दिवशी त्यांनी जशी गाडी चालवली त्याला तोड नव्हती. लाल गाडी चढावर गिअर चुकला की दम सोडते, पण वळणावर बोटाने वळते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. पांढरी जड खरी, पण खालच्या वेगातही कुरकुर न करता ओढते, चिखलात बंद पडत नाही. आणि आजवर त्यांनी जिला आईसारखी म्हटलं होतं ती हिरवी तर पार मऊ निघाली. मागच्या अकरा वर्षांत आपण लिहिलेलं सगळं चुकलेलं होतं, हेही त्यांना तिथेच उमगलं. दुसऱ्याचा चष्मा घालून स्वतःची नजर तपासावी, तसं झालं होतं. त्याचं थोडं वाईट वाटलं, पण आनंद इतका होता की ते मागे सारलं. पांढऱ्या गाडीवर त्यांची फेरी चॅम्पियनपेक्षा फक्त नऊ सेकंद जास्त भरली. गेल्या वर्षी हाच फरक दीड मिनिटाचा होता. चॅम्पियनने येऊन पाठीवर थाप मारली. मेव्हण्याने घड्याळाकडे बघितलं आणि दाजींना टेंपोच्या मागे घेऊन गेला.

दाजींनी मेकॅनिकचं नाव न घेता टेप, नट, वजन, सगळं भडाभडा सांगून टाकलं. मेव्हणा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून," मेव्हणा म्हणाला. आवाज मऊ, अगदी घरच्यासारखा. "ऐका ना दाजी. चॅम्पियनचा लेख लोक वाचतात नि पान उलटतात. थांबतात ते तुमच्या चौकटीपाशी. तुम्ही पडता, उठता, आणि दुसऱ्या गाडीवर बसता. आता तुम्ही पडणारच नसाल तर मी छापू काय?"

दाजींनी मुख्य लेखाचं विचारलं. विचारलं, याचाच त्यांना मागाहून फार राग आला.

"तुम्ही चांगले चालवायला लागलात दाजी. पण चांगले चालवणारे मला पन्नास मिळतात." मग त्याने फोटोग्राफर ओंडक्यापाशी थांबलाय, असं सांगितलं. नट सैल करून घ्या, एक फेरी मारा, एक फोटो होऊन जाऊ दे. चौकट तुमचीच आहे.

दाजी पांढऱ्या गाडीवर बसले. नट त्यांनी सैल केला नाही. ओंडक्यावरून ते एकदा गेले, वळून परत गेले, आणि तिसऱ्यांदा गेले तेव्हा फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला होता. तो दुसरीकडेच बघत होता. आयुष्यातली सगळ्यात सुरेख उडी बघायला तिथे कुणी नव्हतं.

घरी आले तेव्हा बायको इस्त्री करत होती. दाजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुझ्या भावाने अकरा वर्षं माझा तमाशा केला, असंही म्हणाले. तिने हातातला शर्ट पुरा केला, घडी घातली, इस्त्री उभी ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

दाजी खुर्चीवर बसले.

"मीच त्याला म्हटलं होतं. तुम्ही दुकानातून यायचात आणि भिंतीकडे बघत बसायचात. दोन-दोन तास. म्हटलं, ह्यांना कुठेतरी ने. तो म्हणाला, नेतो, पण पडतील. मी म्हटलं, पडू देत." ती थांबली. "पुढे एकदा त्याने ते स्प्रिंगचं सांगितलं. विचारलं, सांगू का दाजींना? मीच नको म्हटलं. तुम्ही नीट चालवायला लागला असतात तर त्याने तुम्हाला नेलं असतं का? पडून यायचात, पण हसत यायचात. मला तेवढंच हवं होतं."

दाजींना ओरडायचं होतं. पण त्यात खोटं काय होतं, हे त्यांना सापडेना. ती प्रेमाने वागली होती, मेव्हणा हिशेबाने वागला होता, आणि दोघांचं एकमत झालं होतं, की ह्या माणसाची जागा ओंडक्याच्या पलीकडे नाही, अलीकडे आहे. दुष्टपणा असता तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं. त्या दिवशी त्यांनी आपल्या गाडीवर चादर टाकली ती टाकलीच.

अंक निघाला. दाजींनी तो बघितला नाही. आठवड्याने तोच त्यांच्याकडे चालत आला, साडूच्या काखेतून. साडू दुकानात शिरला तो हातात चिकटपट्टीने जोडून वापरलेला मोडका चष्मा नि चेहऱ्यावर हसू घेऊन. कपाळावर खरचटल्याची खूण अजून होती. तपासणीच्या खुर्चीत बसता बसता त्याने अंक उघडून पुढ्यात धरला.

'साधारण चालकाच्या नजरेतून. वजन ब्याण्णव.' वर फोटो होता. ओंडका, हिरवी गाडी, आणि हवेत साडू.

तुलनेच्या दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने घाईघाईने बोलावून घेतलं, असं साडू सांगत होता. तुम्हाला म्हणे आता वेळ होत नाही. तो बोलत होता आणि दाजी फोटो बघत होते. गाडी मागून किती खचली आहे हे त्यांना टेप न लावताही दिसत होतं. सोळा सेंटीमीटर, जास्तच.

त्यांनी साडूच्या नाकावर चौकट चढवली, उजव्या डोळ्यापुढे काच घातली.

"एक विचारू साडूभाऊ?" साडू म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "हसू नका. घरी सगळे फार हसले हो. पोरगी तर हसून हसून रडली. पुढच्या वर्षी नाही पडायचं, असं मी ठरवलंय. तुम्हाला शेवटी जमायला लागलं होतं, असं चॅम्पियन म्हणाला. कसं जमलं, तेवढं सांगा ना."

सांगायला एक मिनिटही लागलं नसतं. वजन सांगा आणि नट आवळून घ्या, एवढंच. दाजींच्या ते ओठांवर आलं. मग त्यांना ते मशरूम आठवलं, अकरा वाढदिवस आठवले, आणि छातीत काहीतरी गोड, घाणेरडं पसरत गेलं. ते काय आहे, हेही त्यांना कळत होतं. कळूनही त्यांनी ते पसरू दिलं.

"काही विशेष नाही," दाजी म्हणाले. "पडत राहायचं. सवयीने जमतं."

आणि त्यांनी काच बदलून विचारलं, हे बरं, की आधीचं?