एकशे चाळीस आमेन

माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटात काही राहत नाही, हे मला पन्नास वर्षं ठाऊक आहे. तरीही मी तिलाच सांगितलं. मीही शहाणीच.

सांगितलं ते लेकीचं. तिने दारू सोडली होती आणि शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर म्हणून नुकतीच लागली होती. रोज सकाळी निघताना दारातून दिवसांचा आकडा सांगायची. एकोणऐंशी, ऐंशी. "आई, हे तुझ्यामाझ्यात," म्हणाली होती. पण लॉन्ड्रीत इस्त्री फिरवताना मला सारखा घोर लागायचा. एकटीची प्रार्थना पुरेशी वाटेना, म्हणून बहिणीला म्हटलं, "रोज तिच्यासाठी एक रोझरी म्हण. नाव मात्र कुणाजवळ काढू नकोस."

नाव तिने काढलं नाहीच. फोनवरच्या चर्चच्या प्रार्थना-ग्रुपमध्ये लिहिलं, 'दारूतून सुटू पाहणाऱ्या माझ्या भाचीसाठी प्रार्थना करा. ती शाळेची व्हॅन चालवते.' तिला भाची एकच. जेवणाच्या सुट्टीत मी फोन उघडला, तोवर खाली एकशे चाळीस आमेन जमले होते. त्यातले चार-पाच त्याच व्हॅनमधल्या मुलांच्या आयांचे. संध्याकाळपर्यंत शाळेने लेकीकडून किल्ली काढून घेतली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तडक बहिणीकडे गेले. ती भाजी चिरत होती.

"अगं, मी काय चहाडी केली? जास्त जणांनी मागितलं तर देव लवकर ऐकेल, म्हणून लिहिलं. तूच म्हणालीस ना, प्रार्थना कर?"

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तेच मला सहन होईना. लबाड असती, तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

घरी लेक पायरीवर बसली होती. मी मावशीच्या नावाने बोटं मोडू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मावशीला कुणी सांगितलं?"

मी वाकून चपला काढू लागले.

"देवाला सांगायचंस ना, आई. तो ग्रुपवर नाही."

रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत हात हातात घेऊन एकमेकांना शांती द्यायची वेळ आली, तेव्हा बहीण दोन बाकं ओलांडून आली आणि तिने हात पुढे केला. राग तसाच होता, तरी मी तो हात धरला. मी तरी तिच्याहून वेगळं काय केलं होतं?

लेकीची दारू अजून सुटलेलीच आहे, चालीवरून कळतं मला. पण सकाळी दारातून ती आकडा सांगत नाही. "कशी आहेस?" विचारलं की म्हणते, "बरी आहे."

शेजाऱ्यांनाही ती हेच सांगते.