सराट्याचं टोक मी लपवलं

मी एक निळा टॉवेल आहे, गाड्या पुसण्याचा, मायक्रोफायबरचा. आज तुमच्याशी बोलतोय, कारण माझी चूक दुसऱ्याच्या माथी गेली आहे.

कुठल्या कारखान्यात विणला गेलो ते आठवत नाही. आठवतं ते आष्टा गावापासूनच, जोतीरामच्या गाडी धुण्याच्या शेडपासून. माझ्या अंगावर केसाहून बारीक तंतू आहेत. दिसेल ती धूळ धरून ठेवायची, हा माझा स्वभाव.

आम्हाला धुण्याचं काम जोतीरामच्या आईचं, तानुबाईंचं. त्या म्हसवडकडच्या. उभा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे थकले तशी मेंढरं विकली आणि त्या लेकाकडे आल्या. इथं हाताला काही काम नव्हतं. टॉवेल धुण्याचं काम मिळालं तेव्हा म्हणाल्या होत्या, "बरं झालं, बसून खाल्लेलं अंगी लागत न्हाई."

कोमट पाणी, थोडासा पातळ साबण. सुती कपड्यांत आम्हाला कधी मिसळू दिलं नाही. त्यांचे धागे आम्हाला चिकटतात. वाळवायचं सावलीतच. वाळल्यावर प्रत्येकाच्या अंगावरून त्या डोळे मिटून बोटं फिरवायच्या. लोकरीतली कुसळं त्यांनी आयुष्यभर तशीच काढली होती.

सून राणी थट्टा करायची, "आवं आत्या, टॉवेल हाय त्यो, कोकरू न्हवं."

"कोकरू वरडून सांगतं तरी. ह्यो मुका हाय, ह्याला जास्त बगाय लागतं."

शेडचा एक नियम होता. जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा गाडीच्या रंगाला लावायचा नाही, तो चाकांच्या बादलीत जायचा. त्या बादलीतले काळे, तेलकट टॉवेल मी पाहिले होते. मला त्यांची भीती वाटे.

एका दुपारी वारा सुटला, चिमटा निसटला आणि मी दोरीवरून थेट सराट्याच्या काट्यांत पडलो. राणी म्हणाली, "गेला आता चाकाला."

तानुबाईंना माझी दया आली. "नवा हाय गं अजून. थांब, बगते."

सात काटे त्यांनी वेचून काढले. मला पुन्हा धुतलं, वाळवलं. एक मोडकं टोक मात्र माझ्या कडेला आत रुतलं होतं. त्यांचं बोट दोनदा तिथं येऊन थांबलं. मी तंतू घट्ट आवळून घेतले. बोट पुढं सरकलं आणि मी चक्क खूश झालो.

दुसऱ्या दिवशी वीरधवल आला. फौजेतून सुट्टीवर आलेला, नवी काळी गाडी घेऊन. जोतीरामनं मला बॉनेटवर फिरवलं आणि चर्रकन आवाज झाला. वीतभर ओरखडा!

"जोतीभाऊ, ह्ये काय केलंस रं गड्या! आईला बसवून सिद्धनाथाच्या दर्शनाला न्यायची हुती पैल्यांदा."

जोतीरामनं मला उलटंपालटं केलं. टोक सापडलं. तो संध्याकाळपर्यंत पॉलिश करत राहिला. ओरखडा फिका झाला, पण गेला नाही.

आईला तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, "आय, आता तू निवांत बस. आपून मशीन आनू."

तानुबाईंनी आपली बोटं निरखली. "व्हय बाबा. बोटं म्हातारी झाली."

आता टॉवेल मशीन धुतं. मी चाकांच्या बादलीत आहे, आणि ते योग्यच आहे. तानुबाई पायरीवर बसून असतात. जेवण निम्म्यावर सोडतात. काल बादलीपाशी आल्या, मला हातात घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्यापायी तुजी ही गत झाली रं लेकरा."

माफी त्यांनी मागितली, माझी! मला त्यांच्याशी बोलता आलं असतं, तर तिथंच सगळं सांगून टाकलं असतं.

जोतीराम, मला या बादलीतून काढू नकोस. पण उद्या दोरीवरचे टॉवेल काढशील, तेव्हा ते थेट कपाटात ठेवू नकोस. आधी आईच्या मांडीवर ठेव. तिच्या बोटांना ते टोक कळलं होतं रे. मीच ते सोडलं नाही.