तीन दिवसांची अट

गिरजाबाईंनी अट घातली तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. परातीतला हात त्यांनी थांबवला नाही, मानही वर केली नाही.

"तीन दिवस पोर मायाजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "तू डोयासमोर नको, तुया आवाज नको, लुगड्याचा वास नको. तीन दिवस न रडता राह्यली, त जाय तुया इलायतेले. रडली, त ते कागदं या चुलीत घालीन मी."

त्यांची सून कोकिळा उंबऱ्यात बसून वच्छीला पाजत होती. वच्छी चौदा महिन्यांची. पिता पिता आईच्या मंगळसूत्राचे मणी चाचपायची तिला सवय.

"बरं, आत्याबाई," कोकिळा म्हणाली.

इतक्या लवकर 'बरं' येईल असं गिरजाबाईंना वाटलं नसावं. भाकर तव्यावर टाकताना एका बाजूनं दुमडली.

कोकिळा नागपूरला तीन वर्षं शिकून नर्स झालेली. आता उमरखेडच्या सरकारी दवाखान्यात कामाला होती आणि वच्छीला घेऊन तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायची. नवरा घनश्याम फुलसावंगीच्या शाळेत मास्तर. तो आईजवळ राहायचा, आणि रविवारी कोकिळाच पोरीला घेऊन यष्टीनं गावी यायची. नागपूरच्या तिच्या जुन्या मेट्रनबाईंनी कळवलं होतं, की इंग्लंडातले दवाखाने इकडच्या शिकलेल्या नर्स घेतात, ऑपरेशनच्या खोलीतलं काम शिकवतात. फॉर्म कोकिळानंच मागवला. भरला मात्र घनश्यामनं, कारण त्याचं अक्षर चांगलं. तिला जायचं होतं. अडलेली बाळंतीण दवाखान्यात आली की तिला पुढे यवतमाळला पाठवावं लागे, आणि एखादी गाडी अर्ध्या वाटेवरूनच परत फिरे. गाडीवरची चादर तोंडापर्यंत ओढलेली दिसली की कोकिळाला पुढचं विचारावं लागत नसे. अशा दोन गाड्या तिनं पाहिल्या होत्या.

उत्तर आलं ते दिवाळीनंतर, पार डिसेंबरच्या शेवटी. नोकरी तीन वर्षांची. राहायला खोली एका बाईपुरती, मूल आणता येणार नाही. जानेवारीत मुंबईहून बोट.

गिरजाबाईंनी त्या दिवशी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "पाटलाच्या घरची सून सात समुद्र ओलांडून कायले चालली? त परक्या लोकायचं हागमूत काढाले."

"इथं काय मी फुलं वेचून राह्यली का?" कोकिळा म्हणाली.

घनश्यामला हसू आलं.

"तू हास," आई त्याला म्हणाली. "बायको जाईन बोटीत अन् तू बस पाटीवर गमभन गिरवत."

पण खरं सांगायचं तर त्या पत्रानंतर कोकिळाचं हसणं, चिडणं, सगळं वरवरचंच होतं. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात ना, तसं तिला झालं होतं. हात लावलेला कळत होता, दुखत काही नव्हतं. पोरीचं अंगावरचं दूध तोडायचं तर एकेक वेळ कमी करत दीड महिना घ्यावा, हे ती दवाखान्यात बायांना शिकवायची. तिच्याजवळ अठरा दिवस होते. तिनं कॅलेंडरवर बारीक रेघा मारल्या, दुपारचं पाजणं आधी बंद केलं, मग संध्याकाळचं. वच्छी पदर ओढायची तेव्हा ती तिच्या हातात वाटी द्यायची. शेवटचे तीन दिवस गिरजाबाईंच्या अटीचे.

त्या तीन दिवसांत कोकिळा उमरखेडला दवाखान्याचा चार्ज द्यायला गेली. वच्छी आजीच्या कडेवर होती. कोकिळानं मागं वळून पाहिलं नाही, कारण वळलं की मूल जास्त रडतं हेही तिनं शेकडो बायांना सांगितलेलं.

क्वार्टरवर आल्यावर तिनं दार लावलं आणि दूध आटावं म्हणून चार इंची बँडेज छातीला घट्ट गुंडाळलं.

नवी सिस्टर हंसाबाई अमरावतीकडची होती, बोलकी. कोकिळा तिला दाखवत होती, "हे कपाट टाक्यांच्या सामानाचं. या खिडकीची कडी सैल आहे, वारा सुटला की काच आपटते. फकिरा वॉर्डबॉय सकाळी उशिरा येतो, पण पाणी दोनदा उकळतो, त्याच्यावर रागावू नका."

"अन् मुलगी कुठंय तुमची?"

"आजीजवळ."

"रडत असेल हो."

"माहीत नाही," कोकिळा म्हणाली आणि पुढचा खण उघडला.

दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. तिनं स्वतःचा ताप पाहिला. एकशे एक. थर्मामीटर झटकून जागेवर ठेवला, गार पाण्याच्या पट्ट्या घेतल्या. आता दहा वाजले, आता वच्छीची झोपायची वेळ. आता उठली असेल. एवढंच तिच्या मनात येई, त्याच्या पुढं काही येत नसे. आपल्याला रडू येत नाही हे तिनं पाहिलं, रोग्याच्या अंगावरचा डाग पाहावा तसं, आणि पुन्हा कामाला लागली.

चौथ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं ती फुलसावंगीला उतरली. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं, यवतमाळ, मग धामणगावहून रेल्वे. घनश्याम मुंबईपर्यंत सोबत येणार होता. ट्रंक ओसरीवर बांधून तयार होती.

गिरजाबाई दारातच उभ्या होत्या. कडेवर वच्छी, तेल लावून भांग पाडलेला, गालाला तीट, अंगात नवं झबलं.

"राह्यली वो," गिरजाबाई म्हणाल्या. "तीन दिवसांत एकदाबी रडली नाही. दुधात भाकर कुस्करून देल्ली, वाटीभर खाल्ली. जाय तू."

कोकिळानं हात पुढं केले. वच्छीनं तिला पाहिलं. ओठ थरथरले, तोंड मोठं उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या. आणि आवाज आलाच नाही. नुसती घरघर आली, कोरड्या हपशाला येते तशी.

कोकिळाला वॉर्डातली मुलं ठाऊक होती. असा आवाज एका रात्रीच्या रडण्यानं जात नाही. त्याला दोन-तीन दिवस लागतात, न थांबता. तिनं पोरीच्या पापण्या पाहिल्या. सुजलेल्या. घनश्यामकडे पाहिलं, तर तो आपल्या चपलेचा अंगठा नीट करत होता. अंगठा तुटलेला नव्हता.

"आली का वो कोकिळा?" शेजारच्या विमलताई कुंपणावरून डोकावल्या. "अवं, पोरीनं त—"

"विमल, तुयं दूध उतू चाललं," गिरजाबाई म्हणाल्या.

"कुठं? म्या त चूलच पेटवली नाही."

"मंग पेटव जाऊन."

विमलताई गेल्या. वच्छी आईच्या अंगावर झेपावली, चेहरा छातीत घुसवू लागली. कोकिळानं तिला उचलून खांद्यावर उलटी धरली, छातीपासून दूर. एकदा पाजलं तर तीन दिवस फुकट जातील. पोरीला पुन्हा पहिल्यापासून तेच. तिनं तिची पाठ थोपटली. हात आपोआप चालत होता.

"आवाज बसला हिचा," ती म्हणाली.

"शेतात नेलती," गिरजाबाई म्हणाल्या. "कापूस वेचाले. दिवसभर तिथंच ठेवली. लय वारा हाय तिकडे."

शेत गावापासून दीड कोस. तिथं कितीही मोठ्यानं कुणी रडलं तरी गावात ऐकू येत नाही. कोकिळा उभी राहिली. एक वाक्य बोलायचं होतं, 'ही रडली, आत्याबाई.' अट त्यांचीच होती. कागद चुलीत गेले असते, ट्रंक आत गेली असती, आणि वच्छीचे मणी चाचपणारे हात संध्याकाळी तिच्या गळ्याशी असते. गिरजाबाईंना तरी दुसरं काय हवं होतं?

गिरजाबाई खाली बसून तिळाच्या लाडवांचं गाठोडं बांधत होत्या. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"मायी सासू मले माहेरी जाऊ देत नोती," त्या गाठीशीच बोलल्यागत म्हणाल्या. "म्हणे पायलीभर दळ, मंग जाय. दळलं. म्हणे भिंती सारव, मंग जाय. सारवल्या. तिकडे माय मेली तवा मी तिसरी भिंत सारवत होती." त्यांनी दातांनी गाठ ओढून घट्ट केली. "तू मले काई इचारू नको. मीबी सांगणार नाही."

वच्छी खांद्यावर घरघरत होती.

"थंडीनंच बसला असंन," कोकिळा म्हणाली. "कोमट पाणी देत जा, आत्याबाई. बोटानं मध चाटवा. चार दिवसांत आवाज सुटतो."

"देईन."

"पदर ओढला तर वाटी द्या हातात. रागावू नका."

"आता मले शिकव तू, लेकरू कसं सांभाळाव त," गिरजाबाई म्हणाल्या आणि वच्छीला तिच्या खांद्यावरून काढून घेतलं. पोरीच्या मुठीत आईचा पदर अडकला होता. तो गिरजाबाईंनी एकेक बोट उलगडून सोडवला.

गाडी वेळेवर आली. घनश्यामनं ट्रंक टपावर चढवली आणि मागं जागा मिळाली तिथं बसला. कोकिळा बायांच्या बाकावर, खिडकीशी. खाली गिरजाबाई वच्छीला उंच धरून उभ्या होत्या. वच्छी आईकडे पाहत होती, आणि तिचं तोंड उघडं होतं, जितकं उघडता येईल तितकं. गाडी सुरू झाली. तोंड तसंच उघडं होतं.

वळणावर धूळ उडाली तेव्हा कोकिळानं मान आत घेतली. शेजारी पिशवी मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती.

"तुमची का वो पोरगी?"

"हो."

"गुणाची हाय," म्हातारी म्हणाली. "माय चालली तरी रडली नाही."

"हो," कोकिळा म्हणाली.