शालनची चोरओटी

मनुबाई सांगलीहून आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसली. तेव्हाच तिच्या नणंदेच्या, नकुसाच्या मनात पाल चुकचुकली.

सांगलीला जाऊन भडंग न आणणारं माणूस त्या घरात नव्हतं. सख्खा भाऊ वारला तेव्हा त्याच्या दहाव्याहून येतानासुद्धा मनुबाईनं भडंग आणलं होतं, आणि डोळे पुसत पुसत सगळ्यांना वाटलं होतं. आज सुनेला दवाखान्यात दाखवून आली, दोन्ही नाती दारात हात पसरून उभ्या, आणि पिशवी रिकामी!

"वैनी, काय म्हणला डाक्टर?"

"मुतखडा हाय शालनला," मनुबाई जाळाकडं बघत म्हणाली.

"मग पानफुटीची पानं देऊ की. हाय काय आन न्हाई काय."

"पानानं भागायचं न्हाई. शुक्कीरवारी परत बोलावलंय. काढून टाकायचा म्हणला."

भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला गप्प बसायची सवय असते, पण डोळे मिटायची नसते. शालन कितीतरी दिवसांत बाहेर बसली नव्हती. सकाळी गोठ्यामागं ओकाऱ्या काढायची. आणि आता मनुबाई ट्रंकेतून जुन्या धोतराची मऊ धडपी काढून घड्या घालत होती. मुतखड्याला धडपी कशाला? शालनचा नवरा वीरधवल तिकडं पठाणकोटला पलटणीत. त्याला कुणी काही कळवलं असेल का? आणि शालन? तीही सामील असली तर? नकुसाला आता कुणाचाच भरवसा वाटेना.

दुसऱ्या दिवशी शालन म्हशीला वैरण टाकत होती, तिथं तिनं तिला गाठलं.

"खरं सांग. मुतखड्याला नाक-डोळं असत्यात व्हय गं?"

शालनच्या हातातली पेंढी खाली पडली.

"मशीनवर बघितलं, आत्या. डाक्टर कायबी बोलला न्हाई. नुसती सासूबायकडं बघून मान हलवली."

"तुला काय पायजे?"

"मला कोन इचारतंय?"

"मी इचारतीया की, बये."

शालननं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "तिसरी पोरगी घिऊन मी कुटं तोंड दाखवू? सगळं पटतंय मला त्यांचं. पन कालपासनं हलतंय, आत्या. रातभर हात ठिवून पडले. आता माझ्याच्यानं जिपीत बसवायचं न्हाई. आन न्हाई म्हणायची बी ताकद न्हाई."

नकुसा आईबापाची चौथी मुलगी. पुन्हा मुलगी नको म्हणून नाव नकुसा ठेवलं, आणि पाठीवर भाऊ आकाराम झाला, म्हणून नाव गुणाचं ठरलं. लग्न झालं, नवऱ्यालाही ती नकोशी झाली, त्यानं मिरजेत दुसरं बिऱ्हाड केलं. ती भावाकडं परत आली. नको असलेल्या माणसाचं आयुष्य कसं जातं, असं तिला कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, बरं जातं. बशीतला चहा गोड लागतो. गुऱ्हाळाचा वास आला की पाय आपोआप तिकडं वळतात. नाती डोक्याला तेल लावून घ्यायला गुडघ्यात डोकं खुपसतात. चौथी पोर जगायलाच नको म्हणणाऱ्या आजीच्या मनासारखं झालं असतं, तर हे सगळं राहूनच गेलं असतं.

शुक्रवारी सकाळी ती घागर घेऊन पाण्याला गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा परतली. सांगलीला जायला ठरवलेली जोतीरामची जीप दारात लागली, मनुबाई पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली, आणि समोरून खण-नारळ घेतलेल्या बायांची रांग आली. पुढं शेजारची बनुबाई.

"अगं मनुबाई, सुनेची चोरओटी आन आमालाच चोर समजतीस व्हय?"

"कुनी सांगितलं तुमाला?"

"नकुसाबाईनं. कुणाला सांगू नगा म्हणली."

"मला बी त्येच म्हणली," मागून एक म्हणाली. "मला बी!" तिसरी म्हणाली आणि सगळ्याजणी हसत सुटल्या.

पोटुशीची पहिली ओटी, चोरओटी, चार भिंतींत, गुपचूप भरायची असते. नकुसानं ती गल्लीभर केली होती. बायांनी शालनला पाटावर बसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, पदरात तांदूळ, खण, नारळ घातला. भरल्या ओटीची बाई आता कुठं न्यायची? नेली, तर रिकामी कशी आणायची?

नकुसा दाराआड उभी होती. नवरा जिवंत म्हणून गावाच्या लेखी ती सवाष्ण, पण टाकलेली म्हणून ओटीला चालत नसे.

"आत्या," शालन पाटावरून म्हणाली, "तुमी बी भरा."

नकुसानं मनुबाईकडं पाहिलं. मनुबाईनं मान फिरवली. नकुसानं पुढं होऊन ओंजळभर तांदूळ शालनच्या पदरात घातले, थोडे सांडले.

बाहेर जोतीराम ओरडला, "काकू, येताय का जाऊ?"

"जा रं बाबा," मनुबाई म्हणाली.

बाया गेल्यावर तिनं धडपी ट्रंकेत परत टाकली. "वन्सं, तुमचं काय जातंय? तुमी एकल्या. तीन पोरी उजवायच्यात आमाला. सासरी कुणी जाळलं, टाकलं, तर उरावर धोंडा आमच्याच. मला काय नाती वंगाळ लागत्यात?"

टाकलेल्या लेकीचा धोंडा म्हणजे काय, हे नकुसानं आईच्या तोंडावर रोज पाहिलेलं होतं.

त्या दिवसापासून मनुबाई तिच्याशी बोलली नाही. ताट समोर सरकवायची, चहा ठेवायची, पण तोंडानं हाक नाही. रोज जीपचा आवाज आला की नकुसा हातातलं काम टाकून दाराशी यायची. शालनला बाळंतपणासाठी सांगलीला नेलं, तेव्हा तर ती रात्रीसुद्धा दार उघडून बाहेर बघायची.

मग एका दुपारी जीप आली. शालन हळूच उतरली, छातीशी दुपटं. मनुबाई मागून आली. नाती धावल्या. नकुसा दारातच थांबली. पुढं व्हावं की नाही, कळेना.

मनुबाईनं पिशवीतून भडंगाचा पुडा काढला. अर्धं नातींच्या ओच्यात ओतलं आणि उरलेला पुडा नकुसाच्या हातात दिला.

"पोरगीच हाय," ती म्हणाली. मग उंबरा ओलांडता ओलांडता, मागं न बघता, "तुमचं नाव न्हाई ठेवायचं तिला."

नकुसा पुडा धरून उभी राहिली. मग दुपट्याचं टोक जरा बाजूला सारून तिनं आत पाहिलं.